वळणाचा दिवा आणि दिलेला शब्द

गाडीवरील सगळे दिवे एकाच जातीचे नसतात. पुढचा मोठा दिवा मुख्यतः आपणांस रस्ता दिसावा म्हणून असतो. मागचा तांबडा दिवा दुसऱ्यासाठीं असतो, आणि तो 'आम्ही येथें आहों' एवढेंच सांगतो. ब्रेक दाबला म्हणजे तो प्रखर होऊन 'आम्ही वेग कमी करीत आहों' असें सांगतो. या दोन्ही गोष्टी त्या त्या क्षणीं घडत असतात. त्यांत सांगणाऱ्याच्या सचोटीचा फारसा प्रश्न येत नाहीं. वळण दाखविणाऱ्या पिंवळ्या दिव्याची गोष्ट निराळी आहे. जें अजून घडलें नाहीं तें तो सांगतो. 'आम्ही आतां उजवीकडे जाणार' असा शब्द तो रस्त्यावरील परक्या माणसास देतो, आणि तो माणूस त्या शब्दावर विसंबून आपलें चाक किंवा पाऊल पुढें टाकतो. गाडीवरील सर्व दिव्यांत वचन देणारा दिवा हा एकच होय.

या महिन्यांत आलेल्या एका पत्रानें हा विषय आमच्यापुढें आणला. पत्रलेखक एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. घरांत एक मोटारसायकल असून ती तिघांच्या वापरांत असते. धाकट्या बंधूंचे चिरंजीव तंत्रनिकेतनांत शिकतात. त्यांनीं सुटींत गाडीचे मूळचे इंडिकेटर काढून त्या जागीं बाजारांतून आणलेले एलईडीचे सडपातळ इंडिकेटर बसविले. बसविल्यावर ते नेहमींच्या दुप्पट वेगानें लुकलुकूं लागले. एवढ्यावर भागलें नाहीं. डावीकडची कळ दाबली कीं चारहि दिवे एकदम लुकलुकत. कोपऱ्यावरील मेकॅनिकनें सीटखालीं 'कांहीं तरी' जोडून लुकलुकण्याचा वेग ताळ्यावर आणला. पण एके संध्याकाळीं इंडिकेटर बंद करावयाचें विसरून गाडी सात-आठ किलोमीटर चालली, आणि त्या 'कांहीं तरी'च्या उष्णतेनें शेजारचें प्लॅस्टिकचें झांकण मऊ पडून वांकलें. आतां घरांत दोन तट पडले आहेत. वडील मंडळी म्हणतात, "कंपनीनें दिलेलें काढून हौसेचें बसवावेंच कशाला ?" तरुण मंडळी म्हणतात, "नवें तें अधिक चांगलें आहे. दोष बसविण्याचा आहे." घरांतील आजींनीं मात्र एवढेंच विचारलें, "मागून येणाऱ्याला तो नीट दिसतो ना ?" आमच्या मतें या सर्व वादांत मुद्द्याचा प्रश्न आजींचाच आहे, आणि त्याच्याच अनुरोधानें आम्ही पुढील विवेचन करणार आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं मोटारसायकलवर या दिव्याचें महत्त्व मोटारीपेक्षां अधिक आहे. सायकलस्वार हात दाखवून वळतो. मोटारींतील मनुष्यहि पूर्वीं खिडकींतून हात काढीत असे. पुढें यूरोपांतील मोटारींच्या बाजूंस विजेनें उचलले जाणारे लहान बाण आले, आणि १९३९ सालीं अमेरिकेंतील ब्युइक मोटारींस मागील बाजूस लुकलुकणारे दिवे मिळाले. मोटारसायकलस्वाराची अडचण अशी कीं त्याच्या उजव्या हातांतच गाडीचा वेग आणि पुढचा ब्रेक असतो. उजवीकडे वळण्याची खूण हातानें करावयाची तर वळणाच्या ऐन वेळीं या दोन्ही गोष्टी सोडाव्या लागतात. दिवा हा त्याचा तिसरा हात आहे. हा हात दुबळा झाला तर हानि केवळ शोभेची होत नाहीं.

आतां मूळच्या बल्बांत आणि एलईडींत भेद कोणता तो पाहूं. साध्या बल्बांत धातूची अतिशय बारीक तार असते. ती प्रवाहानें तापून प्रकाशते, आणि दिलेल्या शक्तीचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. एलईडींत तापणारी तारच नसते. विशिष्ट स्फटिकांतून योग्य दिशेनें प्रवाह गेला म्हणजे तो स्फटिक स्वतःच प्रकाश देतो. असा प्रकाश १९०७ सालीं एच. जे. राउंड या इंग्रज संशोधकास प्रयोग करतांना दिसला होता. पण उपयोगी असा तांबडा दिवा अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं सिद्ध केला, आणि पिंवळा दिवा जॉर्ज क्रॅफर्ड यांनीं १९७२ सालीं. पुढें या पिंवळ्या-तांबड्या रंगांचें तेज पुष्कळ वाढलें, तेव्हां ते गाड्यांवर वापरण्याजोगे झाले.

तरुण मंडळींचा पक्ष निराधार नाहीं, हें आम्ही प्रथमच मान्य करतों. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर तारेच्या बल्बास फार दिवस सोसत नाहीं. तार तुटते आणि दिवा जातो. एलईडींत तुटावयास तार नाहीं. दुसरें असें कीं तारेस तापण्यास आणि निवण्यास वेळ लागतो, म्हणून तिचा दिवा हळूहळू उजळतो व हळूहळू मावळतो. एलईडी तत्क्षणीं लागतो आणि तत्क्षणीं विझतो. हा फरक सुमारें एकपंचमांश सेकंदाचा आहे. तेवढ्या अवधींत ताशीं ६० किलोमीटर वेगानें मागून येणारी मोटार सवातीन मीटर, म्हणजे जवळजवळ ११ फूट पुढें येते. शिवाय एकदम होणारी ही उघडझांप डोळ्यांस चटकन् जाणवते. आणि बॅटरीवरील भार तर पुष्कळच हलका होतो.

परंतु हा भार हलका होणें हेंच पत्रलेखकांच्या घरांतील पहिल्या घोटाळ्याचें मूळ आहे. इंडिकेटर लुकलुकतो तो स्वतःच्या गुणानें नव्हे. त्याच्या वाटेवर 'फ्लॅशर' नांवाची एक लहानशी डबी असते, आणि ती प्रवाह जोडण्या-तोडण्याचें काम करते. जुन्या तऱ्हेच्या फ्लॅशरमध्यें दोन धातूंची पट्टी असते. दिव्यांकडे जाणाऱ्या प्रवाहानें ती तापून वांकते, मार्ग तुटतो. निवते, मार्ग पुन्हां जुळतो. म्हणजे ही डबी भाराच्या बळावरच चालते. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरपैकीं पुष्कळ तर भार मोजीतच असतात.

येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. साधारण मोटारसायकलवर प्रत्येक इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचा असतो. कांहीं मोठ्या गाड्यांवर तो २१ वॅटचा असतो. १० वॅटचे पुढचा व मागचा असे दोन बल्ब एका बाजूस धरले तर भार २० वॅट आणि प्रवाह सुमारें १.७ अँपियर होतो. त्या जागीं एकेक वॅटचे दोन एलईडी आले कीं भार २ वॅट आणि प्रवाह ०.१७ अँपियर, म्हणजे पूर्वीच्या दहावा हिस्सा. आतां जुन्या पट्टीच्या डबीस एवढ्याशा प्रवाहानें ऊबच येत नाहीं; दिवे लागतात ते लागूनच राहतात, किंवा फार मंद गतीनें लुकलुकतात. भार मोजणारी नवी डबी मात्र असा समज करून घेते कीं एखादा बल्ब गेला, आणि चालकास ती वार्ता देण्यासाठीं दुप्पट वेगानें लुकलुकूं लागते. तेव्हां चिरंजीवांचे दिवे वेडे झाले नव्हते. डबी आपलें काम चोख बजावीत होती. तिला घरांत झालेला बदल कोणीं कळविला नव्हता, इतकेंच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें वळणाचा दिवा पिंवळसर नारिंगी रंगाचा असावा लागतो, आणि त्यानें मिनिटास ६० पेक्षां कमी नव्हे व १२० पेक्षां अधिक नव्हे इतक्या वेळां लुकलुकावें लागतें. ही मर्यादा उगीच घातलेली नाहीं. याहून मंद झाला तर घाईंत असलेल्या माणसास तो स्थिर दिवा वाटतो. याहून शीघ्र झाला तर तें वळणाचें चिन्ह न वाटतां नुसती थरथर वाटते. घड्याळ समोर ठेवून १५ सेकंद मोजावे. उघडझांप १५ ते ३० च्या दरम्यान आली तर गति नियमांत आहे.

वेग ताळ्यावर आणण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग रोधकाचा. प्रत्येक एलईडीच्या जोडीस एक रोधक जोडून डबीस पूर्वीइतकाच भार दाखवावयाचा. पत्रांतील मेकॅनिकनें जोडलेलें 'कांहीं तरी' तें हेंच असावें. १० वॅटच्या बल्बाची उणीव भरावयाची तर १२ चा वर्ग १४४, त्यास १० नीं भागून १४.४ ओम येतात. बाजारांत १५ ओमचा रोधक मिळतो. तो इंडिकेटरची तार आणि अर्थ यांच्यामध्यें, म्हणजे दिव्यास समांतर असा जोडावयाचा असतो; दिव्याच्या वाटेंत आडवा जोडल्यास दिवाच अंधुक होतो. पण इंजिन चालूं असतां दाब १२ नसून १४ व्होल्टच्या आसपास असतो, आणि मग तोच रोधक लागलेल्या क्षणीं १३ वॅट उष्णता ओकतो. म्हणून तो निदान २५ वॅट शक्तीचा, धातूच्या कवचाचा घ्यावा, आणि गाडीच्या लोखंडी चौकटीस बोल्टनें घट्ट बसवावा, म्हणजे उष्णता चौकटींत जिरते. तारांच्या जुडग्यांत किंवा प्लॅस्टिकच्या झांकणाजवळ तो लोंबत ठेवणें म्हणजे सीटखालीं लहानशी शेगडी ठेवणेंच होय. पत्रलेखकांच्या घरीं झांकण वांकलें तें याच कारणानें, आणि तेवढ्यावरच निभावलें हें सुदैव म्हणावें.

दुसरा मार्ग डबीच बदलण्याचा. भार न पाहतां स्वतःच्या मोजमापानें लुकलुकविणारा, एलईडीसाठीं केलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो. तो बसविला म्हणजे रोधक नको, उष्णता नको, आणि बॅटरीचें वांचलेलें बळ वांचलेलेंच राहतें. आमचा कौल या मार्गास आहे. मात्र विकत घेण्यापूर्वीं जुन्या डबीच्या पिना मोजाव्या. दोन पिनांच्या जागीं बसणाऱ्या नव्या डबीस बहुधा अर्थाची एक निराळी तार असते. ती चौकटीस जोडल्यावांचून डबी काम करीत नाहीं. तीन पिनांच्या डबीवर बॅटरीची, दिव्यांची आणि अर्थाची अशा खुणा असतात; त्यांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो, म्हणून नुसती बसली म्हणजे जुळली असें समजूं नये.

आतां दुसरा घोटाळा. एका बाजूची कळ दाबली असतां चारहि दिवे कां लागावे ? याचें उत्तर वेगमापकाजवळच्या लहान खुणेच्या दिव्यांत आहे. ज्या गाड्यांवर डावी-उजवी मिळून खुणेचा एकच दिवा असतो, त्यांतील पुष्कळांत तो डाव्या तारेपासून उजव्या तारेपर्यंत सरळ जोडलेला असतो. डावी बाजू चालूं केली कीं प्रवाह खुणेच्या दिव्यांतून उजव्या बाजूच्या बल्बांपर्यंत जातो आणि तेथून अर्थास मिळतो. हा प्रवाह इतका थोडा असतो कीं उजवीकडच्या जाड भुकेच्या बल्बांस त्याची दखलहि नसते. ते त्यास नुसती परतीची वाट देतात. एलईडीची भूक मात्र थोडी असते. जो प्रवाह बल्बास कस्पटासमान होता तेवढ्यानें एलईडी उजळतो, आणि डाव्याबरोबर उजवेहि लुकलुकूं लागतात.

यावर उपाय दोन डायोडांचा आहे. डायोड म्हणजे विजेचा एकेरी दरवाजा. प्रवाहास जाऊं देतो, परतूं देत नाहीं. खुणेच्या दिव्याच्या दोन्ही तारा मूळ जागेपासून सोडवाव्या. डाव्या तारेपासून एक आणि उजव्या तारेपासून एक असे दोन डायोड आणून त्यांचीं रुपेरी पट्टा असलेलीं टोंकें एकत्र करावीं व खुणेच्या दिव्याच्या एका तारेस जोडावीं. त्या दिव्याची दुसरी तार अर्थास न्यावी. बाजारांत '१ एन ४००७' या नांवानें मिळणारा साधा डायोड या कामास पुरतो. ज्या गाड्यांवर डाव्या-उजव्याचे खुणेचे दिवे निरनिराळे आहेत तेथें हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं.

जोडणीसंबंधीं आणखी कांहीं सूचना देणें आवश्यक आहे. कामास आरंभ करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. साध्या बल्बास प्रवाह कोठून आला याची पर्वा नसते. एलईडी उलटा जोडला तर लागतच नाहीं. म्हणून नव्या दिव्याची धन तार कोणती हें कागदावर पाहून, किंवा बॅटरीवर क्षणभर धरून आधीं निश्चित करावें. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचें धन टोंक चौकटीस जोडलेलें असे, आणि कांहीं जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असत. अशी गाडी घरांत जपून ठेवलेली असेल तर १२ व्होल्टचें सामान तिला चालणार नाहीं. मूळचे इंडिकेटर पुष्कळदां आपल्या धातूच्या दांड्यांतूनच अर्थ घेत असतात. नव्या रबरी दांड्यांतून अर्थ मिळत नाहीं, त्याची तार वेगळी न्यावी लागते. तारा पिळून वरून चिकटपट्टी गुंडाळणें हें पहिल्या पावसापुरतें काम आहे. गाडीच्या मूळ तारा न कापतां त्यांच्याच मापाचे कनेक्टर लावावे. सांधा करावाच लागला तर कथिलाचा डाख देऊन त्यावर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. कोंकणच्या पावसाळ्यांत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत उघडा सांधा किती लवकर हिरवा पडतो हें तेथील वाचकांस सांगावयास नको.

येथवर बसविण्याचा विचार झाला. पण उत्तम रीतीनें बसविलेला दिवाहि जर दिसेनासा असेल तर सर्व खटपट व्यर्थ होय. येथें आजींचा प्रश्न पुढें येतो. मूळच्या इंडिकेटरमध्यें बल्बाची तार कोठें असावी, मागचा आरसा कसा वांकवावा, कांचेवरच्या रेघा कशा पाडाव्या हें सर्व मोजून ठरविलेलें असतें, म्हणून त्याचा प्रकाश समोर तसाच बाजूंसहि पसरतो. तोच खोका ठेवून आंत नुसता एलईडीचा बल्ब घातला तर प्रकाशाचें उगमस्थान बदलतें, आणि मधें झगझगीत व कडेस काळोख अशी अवस्था होण्याचा संभव असतो. असा बल्ब घालावयाचाच तर पिंवळ्या कांचेमागें पिंवळाच घ्यावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशांत नारिंगी अंश थोडा असल्यामुळें कांच त्याचा पुष्कळ भाग गिळून टाकते, आणि बाहेर येतो तो फिकट प्रकाश. संपूर्ण इंडिकेटर बदलावयाचा असेल तर तो केवळ सडपातळ व देखणा आहे एवढ्यावरून घेऊं नये. एलईडीचा प्रकाश बहुधा एकाच दिशेनें जातो. पुढून डोळे दिपविणारा दिवा बाजूनें पाहतां मेल्यासारखा दिसतो. आणि ज्या वळणावर अपघात होतात तेथें दुसरा मनुष्य नेहमीं नाकासमोर असतो असें नाहीं.

पारख घरच्या घरीं होते. गाडी भर दुपारीं उन्हांत, उन्हाकडे दिवा करून उभी करावी. एकानें कळ दाबावी. दुसऱ्यानें मागें तीस पावलांवर उभें राहावें, मग डावीकडे आणि उजवीकडे कलून पाहावें. बाजूंनीं पाहूनहि दिवा चटकन् ओळखूं आला तर तो उत्तीर्ण. दृष्टि कमी झालेल्या वडील माणसानें ही परीक्षा घ्यावी हें उत्तम. रस्त्यावर सर्वांचेच डोळे वीस वर्षांचे नसतात. रात्रीं उलट बाजू पाहावी : दिवा इतका प्रखर नसावा कीं मागच्याचे डोळे दिपून त्यास रस्ताच दिसूं नये. जागेचाहि विचार आहे. दुचाकींविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत पुढच्या दोन इंडिकेटरांत निदान २४० मिलिमीटर आणि मागच्या दोहोंत १८० मिलिमीटर अंतर सांगितलें आहे. उंची जमिनीपासून ३५० ते १,२०० मिलिमीटरांच्या आंत. दोन्ही दिवे नंबरप्लेटशीं एकमेकांस चिकटून बसविण्याची जी टूम निघाली आहे तींत डावा कोणता आणि उजवा कोणता हेंच दुरून कळत नाहीं. दिशा न सांगणारा दिशादर्शक बाळगण्यांत काय अर्थ ?

वडील मंडळींच्या पक्षांतहि तथ्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर बंधन घातलें आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं दिला. म्हणून कंपनीनें त्याच गाडीसाठीं मान्य केलेला एलईडीचा संच मिळत असेल तर तोच घ्यावा. थोडा महाग पडला तरी तो रीतसर परीक्षेंतून गेलेला असतो. अशा परीक्षा आपल्या पुण्यांतच, १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत होत असतात. हमीची मुदत न संपलेल्या गाडीच्या तारांस बाहेर हात लावूं नये, हें वेगळें सांगणें न लगे. कांहीं नव्या गाड्यांत फ्लॅशरची निराळी डबीच नसते. लुकलुकविण्याचें काम गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकच करतो. तेथें घरगुती प्रयोगास वाव नाहीं. शिवाय साधा बल्ब गेला तर तो रस्त्यावरच्या कोणत्याहि दुकानांत मिळतो आणि पेचकसाच्या दोन फेऱ्यांत बदलतां येतो. बंद खोक्याचा एलईडी बिघडला तर सबंध इंडिकेटर बदलावा लागतो.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं, ती येथें मुद्दाम सांगतों. मूळच्या व्यवस्थेंत बल्ब गेला म्हणजे डबी घाईघाईनें लुकलुकून चालकास सावध करीत असे. रोधक जोडला तर दिवा मेला तरी भार कायम राहतो, आणि डबी कांहींच बोलत नाहीं. भार न पाहणारी डबी बसविली तर तीहि बोलत नाहीं. समोरची खूण नेहमींच्या तालांत लुकलुकत असते, चालक निर्धास्त वळतो, आणि मागचा दिवा कदाचित् आठ दिवसांपूर्वींच गेलेला असतो. म्हणजे आपण शब्द दिला असें आपणांस वाटतें आणि तो कोणास पोंचलेलाच नसतो. ज्या घरांत हा बदल झाला त्या घरानें एक नवी संवय लावून घ्यावी : गाडी बाहेर काढतांना दोन्ही बाजूंच्या कळा एकदां दाबून चारहि दिवे डोळ्यांनीं पाहावे. यास दहा सेकंद लागतात. तिघे गाडी वापरीत असतील तर तिघांनींहि हें करावें. 'दादानें पाहिलें असेल' यावर कोणीं विसंबूं नये.

पत्रलेखकांस आमचा सल्ला थोडक्यांत असा. सीटखालचा रोधक काढून टाकावा, वांकलेलें झांकण बदलावें आणि शेजारच्या तारांचें आवरण तपासावें. एलईडीसाठीं असलेली डबी आणि दोन डायोड बसवावे. मग उन्हांतील परीक्षा घ्यावी. दिवे तींत उतरले, आणि ते कंपनीच्या मान्यतेचे असले, तर चिरंजीवांचें काम कायम करावें. नच उतरले तर मूळचे इंडिकेटर माळ्यावरून काढून पुन्हां बसवावे, आणि त्यांत कोणीं कमीपणा मानूं नये. हौस ही निंद्य वस्तु नव्हे. तिच्या मागें पुतण्यानें जें शिकून घेतलें तें पुस्तकांतून सहज मिळालें नसतें. मात्र त्या विद्येची कसोटी दिवा लागला कीं नाहीं ही नसून तो दुसऱ्यास दिसला कीं नाहीं ही आहे.

शेवटीं वापराविषयीं दोन शब्द. पावसांत किंवा सरळ चौक ओलांडतांना चारहि दिवे लुकलुकवीत जाण्याची खोड वाढत चालली आहे. त्या वेळीं आपण वळणार असलों तरी तें सांगण्याचें साधनच उरत नाहीं. हमरस्त्यावर पुढच्या ट्रकचा उजवा दिवा कधीं 'मी वळतों' असें सांगतो, तर कधीं 'तुम्ही पुढें जा' असें. अशा संदिग्ध खुणेवर विसंबून पुढें घुसूं नये. आणि बहुतेक मोटारसायकलींवर वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाहीं, तो अंगठ्यानें बंद करावा लागतो. वळून गेल्यावरहि लुकलुकत राहिलेला दिवा पाहून समोरचा मनुष्य आपण वळणार अशा समजुतीनें गाडी आडवी घालतो, आणि आपण मात्र सरळ चाललेले असतों. दिलेला शब्द पुरा झाला म्हणजे तो मिटविणें हेंहि शब्द पाळण्याचेंच अंग आहे, आणि त्याला खर्च लागतो तो अंगठ्याच्या एका हालचालीचा.